चवीपुरता जावई

वाईच्या माणसाला शूटिंगचं कौतुक नसतं. कृष्णेचा घाट, मेणवलीचा वाडा, मागे डोंगर आणि मुंबई-पुण्याहून गाडीनं गाठता येईल एवढं अंतर, या भांडवलावर हे गाव कित्येक वर्षं सिनेमावाल्यांना पोसत आलंय. 'गंगाजल'मध्ये वाई बिहार झाली, 'स्वदेस'मध्ये मेणवली उत्तर प्रदेशातलं खेडं झाली, 'दबंग'मध्ये पुन्हा उत्तर प्रदेश. गावातल्या कुठल्याही रिकाम्या माणसाला विचारा, गर्दीच्या कोणत्या दृश्यात आपली पाठ दिसते ते तो सांगेल. वाई स्वतः मात्र पडद्यावर वाई म्हणून क्वचितच आली. तो योग माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात होता.

सासूबाईंचा चॅनेल आहे. आमचे सासरे, म्हणजे नाना, ही गोष्ट 'हिला मधुमेह आहे' अशा सुरात सांगतात. प्रकरण गंभीर आहे, पण पथ्य सांभाळलं तर निभतं. पथ्य नानांनी सांभाळायचं असतं. शूटिंग चालू असताना खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, 'अगं, माझा चष्मा कुठंय' विचारायचं नाही आणि चहा तर मागायचाच नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या गोष्टी सासूबाईंना बोलून साधल्या नव्हत्या, त्या तिपाईवर फोन अडकवून साधल्या.

सुरुवात २०२० च्या टाळेबंदीत झाली. मेव्हण्याचा मुलगा कॉलेज बंद पडल्यामुळे आजीकडे अडकला होता. उन्हाळा होता, सासूबाई कुरडयांच्या मागे होत्या, आणि या मुलाला फोनमध्ये बघायला काही उरलं नसल्यामुळे त्यानं फोनमधून आजीकडे बघायला सुरुवात केली. त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे 'आपली आजी' म्हणून घराघरातल्या फोनवर आल्या होत्या, आणि त्यांचंही शूटिंग नातूच करत होता. नातवानं तो दाखला दिला. मधुरा बाचल २००९ पासून रेसिपी सांगतायत, हेही सांगितलं. सासूबाई हलल्या नाहीत. मग त्यानं आंध्रातल्या मस्तानम्मा दाखवल्या. शंभरी ओलांडलेली ती बाई शेतात तीन दगडांच्या चुलीपुढे उकिडवी बसून रांधत होती आणि जग बघत होतं. सासूबाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, 'म्हणजे माझं अजून वय झालेलं नाही' असं म्हणाल्या आणि तोंड धुवायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा अंगावर इरकल होती.

कुरडई हा पदार्थ पहिल्या व्हिडिओसाठी फार वाईट. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि पहाटे शिजवून सोऱ्यानं उन्हात घालायच्या. म्हणजे शूटिंगचे चांगले चार-पाच दिवस. इथे साडीचा प्रश्न उभा राहिला. सासूबाईंनी गावात शूटिंगं बघितलेली. नायकाचा रुमाल सकाळी उजव्या खिशात असेल तर संध्याकाळीही तो उजव्याच खिशात लागतो, हे त्यांना पक्कं माहीत. त्यांनी रोज तीच इरकल नेसायची ठरवली. व्हिडिओ गेला आणि साताऱ्याहून आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंच्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, गहू तीन दिवस भिजले म्हणतेस आणि साडी एकच? लोकांना वाटेल, गहू तरी भिजले की नाही." सासूबाईंनी धसका घेतला. पुढच्या वेळी सांडगे करताना त्यांनी दर टप्प्याला साडी बदलली. त्यावर जेवढ्या बायकांनी विचारणा केली, तेवढ्या सगळ्यांनी साड्यांच्या दुकानाचा पत्ता विचारला. सांडग्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

फोनसमोर उभ्या राहिल्या की सासूबाईंची भाषा बदलते. घरात त्यांच्या सूचना तारेसारख्या तुटक असतात. घे, टाक, हलव, बास! त्याच सासूबाई व्हिडिओत म्हणतात, "तर मैत्रिणींनो, आता आपण काय करणार आहोत, तर आपण कढई तापवून घेणार आहोत. कढई आपली छान अशी तापलेली आहे. आता यामध्ये आपण मोहरी घालून घेणार आहोत." नानांचं म्हणणं, 'छान अशी तापलेली आहे' म्हणून होईपर्यंत तेल पेट घेईल. पण त्यांची खरी तक्रार वेगळी आहे. ही भाषा हळूहळू घरात उतरली. एका सकाळी सासूबाई त्यांना म्हणाल्या, "अहो, आज आपण मंडईतून दोन किलो कांदे आणून घेणार आहोत." नाना पिशवी घेऊन निघाले. "या 'आपण'मध्ये दरवेळी मी एकटाच कसा असतो?" असं त्यांनी मला कोपऱ्यावर विचारलं. जावयानं अशा प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात.

जुन्या पद्धतीचं घर शूटिंगला चांगलं दिसतं, पण ऐकायला वाईट असतं. कुकर कुणाच्या तालावर शिट्ट्या देत नाही. भंगारवाला नेमका 'आता आवाजाकडे लक्ष द्या, फोडणी तडतडली पाहिजे' या वाक्याला येतो. त्याचं एक वेळ चालून जातं, लोकांना ते अस्सल वाटतं. एकदा मात्र कळण्याच्या भाकरीच्या व्हिडिओत मागून घंटागाडी गेली, आणि तिच्या भोंग्यावर वाजणाऱ्या सिनेमाच्या गाण्यावरून कॉपीराइटची नोटीस आली. गाण्याचा मालकीहक्क कुठल्याशा कंपनीचा होता. सासूबाईंना वाटलं, भाकरीवरच कुणीतरी मालकी सांगितली. "माझ्या सासूची भाकरी आहे ही, कंपनीचा काय संबंध?" नोटिशीला उत्तर लिहायला नाना बसले. ते चार पानी झालं. नातवानं तेवढा आवाज कापून टाकला आणि प्रकरण मिटलं. ती चार पानं अजून फायलीत आहेत.

नानांबद्दल सांगायला हवं. ते शाळेत गणित शिकवत. वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचं काम उभं केलं ते इथेच. नानांचा त्या कार्यालयाशी संबंध एवढाच की संध्याकाळी ते त्या बाजूला फिरायला जातात. पण विश्वकोश वाऱ्यानंही लागत असावा. प्रत्येक व्हिडिओला प्रस्तावना हवी, असं त्यांचं मत पडलं. पुरणपोळीच्या व्हिडिओत ते स्वतःच इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले आणि १८७५ साली छापलेल्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'पासून निघाले. शेर, तोळे, मासे झाले. एक तोळा म्हणजे अकरा ग्रॅम आणि वर किती, हे झालं. १९१० सालच्या लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्रा'पाशी ते पोचले तेव्हा कट उतू गेला होता आणि सासूबाई पदरानं शेगडी पुसत फोनकडे बघून हसत होत्या. नातवानं प्रस्तावना कापली. व्हिडिओत दिसतं ते इतकंच की एक गृहस्थ येतात, चष्मा नीट करतात, आणि लगेच पोळी फुगते.

तडजोड म्हणून नानांना दोन खाती मिळाली. एक व्हिडिओखालचा मजकूर, दुसरं वजनमापं. मजकुरात ते शुद्धिपत्र देतात. 'तिसऱ्या मिनिटाला एक चमचा तिखट म्हटले आहे, तेथे दोन चमचे वाचावे. प्रत्यक्षात दोनच पडले आहेत.' माझ्या माहितीत शुद्धिपत्र असलेली थालीपिठं हीच.

वजनमापांचं खातं जड गेलं. सासूबाई कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'च्या वळणातल्या. त्यांची प्रत लग्नातल्या आहेरातली. पानं तेलानं इतकी पारदर्शक झालीत की बासुंदी वाचताना मागून बिरडं दिसतं. समासात पेन्सिलीनं शेरे आहेत. 'साखर कमी', 'एवढं लागत नाही', आणि एका ठिकाणी नुसतंच 'छे!' वाटी-चमच्यात मापं दिली म्हणून त्या पुस्तकानं नवख्या सुनांना तारलं. पण वाटी कोणाची? सासूबाईंची वाटी त्यांच्या रुखवतातली, आताच्या वाटीपेक्षा जरा खोल. बघणाऱ्या विचारत, 'काकू, तुमची वाटी म्हणजे किती ग्रॅम?' सासूबाई म्हणत, "वाटी म्हणजे वाटीभर." नानांनी मग पुण्याहून डिजिटल काटा मागवला आणि सासूबाईंच्या हाताखाली ठेवला. मूठ मोजली, पसा मोजला, ओंजळ मोजली. शेवटी चिमूट आली. हिंगाची चिमूट काट्यावर पडली. काट्यानं शून्य दाखवलं. परत टाकली, परत शून्य. काट्याच्या हिशेबानं या बाईनं आजवर कुठल्याच आमटीत हिंग घातलेला नव्हता. नाना आकड्यावर श्रद्धा असलेले. त्यांनी त्या दिवशी जेवताना आमटी दोनदा हुंगली.

या चॅनेलमुळे घरात झालेलं सगळ्यात मोठं भांडण मात्र पदार्थावरून नव्हे, पातेल्यावरून झालं. आमच्याकडच्या भांड्यांवर नावं असतात हे सासूबाई विसरल्या होत्या. अळूच्या फदफद्याच्या व्हिडिओत पातेलं फिरलं आणि त्याच्या काठावरचं कोरीव नाव व तारीख अख्ख्या महाराष्ट्राला वाचता आली. ते नाव चुलत घराण्यातलं होतं. वाटण्या झाल्या तेव्हा हे पातेलं 'सापडत नाही' असं ठरून गेलेलं होतं. संध्याकाळी चुलत जाऊबाईंचा फोन. "फदफदं छान झालंय हो. आमच्या पातेल्यात नेहमीच छान होतं." सासूबाईंनी पातेलं लग्नकार्यात उलटसुलट झालं असणार, असा बचाव केला. तिकडून उत्तर आलं की लग्नकार्यातली भांडी लग्नाच्या फोटोत दिसतात, ती अळूत दिसत नाहीत. पुढच्या रविवारी नाना पातेलं कापडात गुंडाळून एसटीनं पोचतं करून आले. तेव्हापासून प्रत्येक शूटिंगआधी भांड्यांचे काठ तपासले जातात. शंका असेल ते भांडं नाव मागे फिरवून ठेवतात. आमच्या स्वयंपाकघरातली निम्मी भांडी आता फोनकडे पाठ करून उभी असतात.

माझी भूमिका शेवटच्या अर्ध्या मिनिटाची. मी चव घेतो. व्हिडिओत चव घेणारा माणूस कसा असतो, हे कुणी नीट पाहिलंय का? तो घास तोंडात ठेवतो आणि ताबडतोब डोळे मिटतो. मग मान हलवतो, आधी हळू, मग जोरात. मग एक बोट वर करतो, म्हणजे 'थांबा, बोलता येत नाही इतकं चांगलं आहे.' खऱ्या आयुष्यात असं कोणी जेवताना दिसलं तर आपण पाणी घेऊन धावू. सासूबाईंनी मला हे सगळं करून दाखवलं. "जावईबापू, तुम्ही फक्त 'वा' म्हणायचं. लांबवू नका. आणि मीठ कमी आहे असं चेहऱ्यावर आणू नका." मेव्हण्याला हे काम दिलं नाही, कारण मुलगा खरं बोलतो. नानांना दिलं नाही, कारण ते आकड्यात बोलतात. जावई हा माणूस त्या घरात खोटं बोलायला परंपरेनंच बसवलेला असतो, आणि माझ्या ताटात आजवर काही कमी झालेलं नसल्यामुळे मला ते फारसं जड जात नाही. पदार्थ मात्र शूटिंगसाठी वाफाळताच लागतो. कटाच्या आमटीचा पहिला भुरका मी डोळे मिटून घेतला ते चवीमुळे नव्हे. पाणी आलं ते डोळ्यांत राहिलं, आणि ते दृश्य लोकांना इतकं भिडलं की 'जावयाच्या डोळ्यांत पाणी' हेच व्हिडिओचं नाव झालं.

पैशाचं काय, हा प्रश्न सगळे जरा उशिरा विचारतात. पैसे सुरू व्हायला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी बघितलेलं असावं लागतं, असं नातवानं सांगितलं. नानांनी पेन्सिल घेतली. चार हजार भागिले चोवीस. "म्हणजे एकाच माणसानं बघायचं ठरवलं तर त्याला अहोरात्र साडेपाच महिने तुझ्याकडे बघत बसावं लागेल," ते सासूबाईंना म्हणाले. "मी एवढा वेळ सलग बघितलेलं नाही." नातेवाइकांनी सुचवलं, रात्री फोन चार्जिंगला लावतो तेव्हा व्हिडिओ चालू ठेवू, झोपेत तास भरतील. नानांनी ते अप्रामाणिक म्हणून बंद पाडलं. तरी ते तास भरलेच. भरले ते बहुतेक गोड्या मसाल्यावर. दगडफूल, नागकेशर, शहाजिरे, तमालपत्र, खोबरं, तीळ, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा म्हणून व्हिडिओ लांबला होता, आणि नागकेशर दिसतं कसं हे बघायला लोक पुन्हापुन्हा मागे जात होते. पहिले पैसे आले त्यातून सासूबाईंनी मिक्सर घेतला. तो व्हिडिओत दाखवत नाहीत. व्हिडिओत पाटा-वरवंटा असतो.

एवढ्या सगळ्यात माझ्या बायकोचं शिक्षण झालं, ही गोष्ट बाहेर कुणाला माहीत नाही. लग्नाआधी आईनं तिला काही शिकवलं नाही असं नाही. पण सासूबाईंची शिकवण्याची पद्धत 'बघून शिक' ही होती, आणि बघायला गेलं की 'मधे मधे उभी राहू नकोस' ही होती. आता त्या लाखभर परक्या बायकांना बाळा, ताई करत सांगतात, काळजी करू नका, पहिल्यांदा बिघडतंच. हे वाक्य माझ्या बायकोनं जन्मात ऐकलेलं नव्हतं. तिनं ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. पुण्यातल्या आमच्या ओट्यावर फोन टेकवून ती आईचे व्हिडिओ लावते. आई बोलत असते, ही मध्येच बोट ठेवते, आई थांबते. हात वर, तोंड अर्धं उघडं, आणि गप्प. बायको सावकाश कांदा चिरून घेते, डबा शोधते, मग परत बोट ठेवते. आईला असं थांबवता येईल हे माझ्या पिढीतल्या कुठल्याही मुलीला स्वप्नातसुद्धा वाटलं नसेल. कधी कधी ती गरज नसतानाही थांबवते, असा माझा संशय आहे.

परक्यांना सांगणं सोपं जातं याचं कारण मला वाटतं साधं आहे. नांदेडच्या किंवा न्यू जर्सीच्या बाईच्या चकल्या खुसखुशीत झाल्या तर सासूबाईंचं काही जात नाही. त्या आत्याबाईंच्या झाल्या तर जातं. मोहन जास्त झालं की चकली तेलात सुटते आणि कमी झालं की दगड होते, हे त्या जगाला हात धरून सांगतील. आत्याबाईंनी विचारलं तर मात्र 'अंदाजानंच घालते हो वन्सं' यापलीकडे माप निघत नाही. या घरात आजवर कोणी कुणाला आख्खा पदार्थ सांगितलेला नाही. काहीतरी हातचं राखून द्यायचं, हा इथला देण्याघेण्याचा नियम. चॅनेलमुळे पंचाईत अशी झाली की आत्याबाईही जगातच राहतात आणि त्यांच्याकडेही फोन आहे.

२०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा हे उघड्यावर आलं. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. म्हणजे मी त्या व्हिडिओत आधीपासूनच होतो, यावेळी शेवटाला नव्हे तर मधोमध. तांदूळ तीन दिवस भिजले, रोज पाणी बदललं, बाहेर वाईचा पाऊस म्हणून पंख्याखाली पंचावर सुकले. कुटले, चाळले, गुळात कालवून गोळा डब्यात आठवडाभर ठेवला. मग खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून, न उलटता तुपात. अनारसा हसला की संपलं. पण सासूबाईंचे हसले नाहीत. एकेकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी. त्यांनी सांगितलं, "गोळा घट्ट वाटला तर दुधाचा हात लावून मळून घ्यायचा, बस्स." हे सांगताना त्यांनी फोनकडे न बघता कढईकडे बघितलं. पुढे जे झालं त्यानंतर मला हे आठवलं.

वाणाचं शूटिंग तीनदा झालं, कारण पहिल्यांदा दिवा विझला आणि दुसऱ्यांदा नानांनी तेहतीस मोजायला मध्ये हात घातला. एकतीसच भरले. दोन मी चवीच्या दृश्यात खाल्ले होते. खाल्लेले वाणात धरायचे का, यावर नाना आणि भटजी यांचं फोनवर बोलणं झालं. शेवटी दोन नवे तळले. व्हिडिओ गेला आणि रात्री न्यू जर्सीहून माझ्या साडूंचा फोन. त्यांनी पडदा थांबवून अनारसे मोजले होते. "बरोबर तेहतीस आहेत," ते म्हणाले. "छान. तुम्हाला ताट आणि आम्हाला लिंक." सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी कुरिअरची चौकशी केली. कुरिअरच्या माणसानं विचारलं, वस्तू काय आहे आणि किंमत किती. वाणाची किंमत सांगायची नसते म्हणून त्या परत आल्या.

इकडे पुण्यात माझ्या बायकोनं व्हिडिओ लावून अनारसे केले. आईला हवं तिथे थांबवलं, दुधाचा हात लावला. जाळी पडली नाही. कडक झाले, इतके की मी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. तिनं आईला फोन लावला. सासूबाई फोन घेऊन मागच्या अंगणात गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुधाचं सोड. पिकलं केळं कुस्करून घाल, लहानसं. ते व्हिडिओत नाही सांगितलं, वन्सं बघतात." अंगणात झोपाळ्यावर नाना वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही, त्यामुळे सासूबाईंना ते झोपाळाच वाटले.

त्याच रात्री व्हिडिओखाली मजकूर आला. 'शुद्धिपत्र : गोळा मळताना दूध असे म्हटले आहे, तेथे पिकलेले केळे वाचावे. प्रत्यक्षात केळेच घातले आहे. वाचकांची दिशाभूल झाल्याबद्दल दिलगिरी.'

सकाळी आत्याबाईंचा फोन आला. सासूबाईंचे हात पिठात होते, म्हणून नातवानं स्पीकर लावून फोन तिपाईवर ठेवला.

"वहिनी, शुद्धिपत्र वाचलं हो. अगं, केळं आमच्या आईचंच, तुझ्या सासूचं. मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण आई केळ्याबरोबर त्यात आणखी एक घालायची. तुला नव्हतं वाटतं सांगितलं तिनं?"

"काय हो वन्सं, काय घालायच्या?"

"बाई गं, माझं दूध उतू चाललंय. ठेवते."

नानांनी वहीत 'शुद्धिपत्र क्र. २' असं लिहून पुढे दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. सासूबाईंनी येत्या रविवारी वन्संना जेवायला बोलावलंय. खास त्यांच्या हातचे अनारसे करून दाखवा, असा आग्रह केलाय. आणि नातवाला बजावलंय, फोन तिपाईवर लावून ठेव, पण फडताळात ठेव, आणि पुढे बरण्या लाव.